फ्रिज कोकलतो तेव्हा

हल्लीच्या फ्रिजना वाचा फुटली आहे. आमच्या लहानपणीचा फ्रिज बिचारा मुका होता. तो बिघडला की दूध नासायचं, आणि दूध नासलं की घरादाराला कळायचं. आताचे फ्रिज टींव टींव करतात. माझं निरीक्षण असं की हा आवाज आल्यावर बहुतेक माणसं सगळ्यात आधी तो गप्प करायचं बटण शोधतात. आवाज थांबला म्हणजे फ्रिज बरा झाला, असा एकूण समज. आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा कोकलायला लागला की म्हणायचं, "सेन्सर गेला असेल, दुसरं काय!"

मला हे अजिबात पटत नाही. फ्रिज सहसा खोटं बोलत नाही. फक्त तो अर्धंच सांगतो, उरलेलं आपण विचारून घ्यायचं असतं. हा विषय डोक्यात बसण्याचं कारण म्हणजे मे महिन्यात आमच्या पुण्याच्या घरी चार दिवस चाललेला फ्रिजपुराणाचा सप्ताह, आणि त्या फ्रिजमध्ये असलेलं बाबांचं इन्शुलिन. (मावशी, तुला फोनवर त्रोटक सांगितलं होतं, हे सविस्तर.)

मुळात टींव टींव दोन प्रकारची असते. एक दाराची. दार उघडं राहिलं की वाजते, लावलं की थांबते. न थांबली तर दाराचं रबर बघायचं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अलगद निघून आली तर रबर सैल आहे. दुसरी तापमानाची. आतला सेन्सर ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की ती सुरू होते. बराच वेळ वीज गेली असेल किंवा नुकताच बाजार भरला असेल तर ही वाजणारच. मे महिन्यात दोन डझन आंबे आणि आमरसाचं पातेलं एकदम आत कोंबल्यावर फ्रिजने तक्रार केली तर त्यात त्याची काय चूक? अशा वेळी दार न उघडता त्याला काही तास द्यायचे. आम्ही रात्रभर दिले. सकाळी फ्रीझरचा आकडा अजून लुकलुकत होता.

आता तो आकडा. तो सेन्सरपाशी काय चाललंय ते सांगतो, दुधाच्या पातेल्यात किंवा औषधाच्या डब्यात काय चाललंय ते नाही. त्यासाठी फ्रिजचा साधा थर्मामीटर आणावा लागतो. (आईने तत्परतेने तापाचा आणून दिला. तो इथे कामाचा नाही, एवढ्या खालचं तो मोजतच नाही.) ग्लासभर पाणी मधल्या फळीवर ठेवायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा आणि सात-आठ तास विसरून जायचं. नुसत्या हवेतला पारा दार उघडलं की उड्या मारतो, पाणी मात्र आपल्या वरणभातासारखंच सावकाश थंड-गरम होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा, फ्रीझर उणे १८. आमच्या ग्लासात निघाले ११.

म्हणजे अलार्म खरा होता. मग कंपनीने पाठवलेला माणूस आला. त्याने दार उघडलं, आत हात घातला, बाहेरून कडेला हात लावला, आणि दीड मिनिटात निदान केलं: "मॅडम, गॅस संपलाय. भरावा लागेल." साडेतीन हजार.

मंडळी, माझा खरा राग या वाक्यावर आहे. फ्रिजमधला गॅस म्हणजे शेगडीचा सिलिंडर नव्हे, रोज थोडा थोडा जळून संपायला. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरायचा म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतायचं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये असतो तो आयसोब्युटेन, सिलिंडरातल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ, पेट घेणारा. तो भरणं हे ज्याला त्यातलं नीट कळतं त्यानेच करायचं काम. मी विचारलं, गळती कुठे आहे? तर म्हणाला, "ते भरल्यावर कळेल." मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

जाता जाता त्या गृहस्थाने एक उद्योग केला, तो पुढे सांगते.

आमचा फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. म्हणजे यात बर्फ साठत नाही असं नाही. साठतो, पण आपल्याला दिसत नाही. फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या भिंतीआड थंड नळ्यांची जाळी असते. तिच्यावर हवेतली वाफ गोठते. ठरावीक काळाने एक हीटर लागतो, तो बर्फ वितळवतो, पाणी नळीवाटे खाली मोटरजवळच्या ताटलीत जातं आणि तिथेच सुकतं. जाळीजवळचा पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये आणि खालच्या कप्प्यात ढकलतो. हीटर, त्याचा सेन्सर किंवा पंखा, यांतलं एक जरी रुसलं तरी गंमत सुरू होते. बर्फाने जाळी बुजते, हवा पुढे जात नाही, आणि मोटर धावत असूनही दूध कोमट. पंखा फिरतोय का ते ऐकायला दार उघडावं तर बऱ्याच फ्रिजमध्ये तो दार उघडताच थांबतो. तेव्हा दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरायचं आणि कान द्यायचा. आमचा पंखा घरघरत होता, जणू बर्फाला घासून फिरावा तसा. फ्रीझरच्या मागच्या भिंतीवरही पांढरा थर दिसत होता, सगळीकडे सारखा. गॅस कमी असता तर जाळीच्या थोड्याच भागावर बर्फ धरला असता.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय एकच, आणि तो फुकट आहे. प्लग काढायचा, दारं सताड उघडी, खाली जुने टॉवेल, आणि चोवीस तास वाट. सुरी-स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडायचा मोह टाळावा, नळीला भोक पडलं की गॅस खरोखरच जातो. आमच्याकडून अडीच बादल्या टॉवेल निघाले. सामान सगळं शेजारच्या काकूंकडे, इन्शुलिनसकट. आमरस मात्र आम्ही देशाच्या भल्यासाठी त्याच दिवशी संपवला.

दुसऱ्या दिवशी प्लग लावला. संध्याकाळपर्यंत फ्रीझर उणे १८, ग्लासात ४. संपलेला गॅस टॉवेलमधून परत आला म्हणायचा! आणि समजा पाच-सात दिवसांत आकडा पुन्हा हळूहळू चढायला लागला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत, हे जवळपास ठरलं. आमचा सहाव्या दिवशी चढला. या वेळी गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मागची भिंत काढली, मीटर लावला आणि डीफ्रॉस्टचा सेन्सर बदलला. सगळं मिळून नऊशे रुपये.

आता तो उद्योग. पहिल्या गृहस्थाने जाताना "तोवर फुल ठेवा" म्हणत फ्रिज सगळ्यात थंडवर करून ठेवला होता. फ्रिज थंड होईना की प्रत्येक घरात कोणीतरी हेच करतं. आमच्याकडे मी प्लग परत लावताना आकडे बघितले म्हणून लक्षात आलं. नाहीतर बर्फ वितळल्यावर पुन्हा जोमाने चालू लागलेल्या फ्रिजने सगळं गोठवायला सुरुवात केली असती, आणि इन्शुलिनला गोठणं चालत नाही. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. थोडे दिवस ११ अंशांत राहिलं तर ते लगेच वाया जात नाही (वापरातलं पेन तर साधारण चार आठवडे बाहेरही चालतं, नेमकं किती ते त्याच्या कागदावर असतं). पण एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं असतं, आणि दिसायला ते चांगल्यासारखंच दिसू शकतं. दूध नासलं की कळतं. हे कळत नाही. बाबांची साखर चढली असती, आणि मे महिना असल्याने आईने खटला आंब्यावर चालवला असता. बाबांनी गुन्हा कबूलही केला असता, कारण एखादी फोड चोरून खाल्लेली असतेच.

तेव्हा इन्शुलिन दारात नको, तिथे तापमान सारखं हलतं. मागच्या भिंतीला चिकटूनही नको, तिथे गोठायची भीती. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, डब्यात. आमच्याकडे आता त्याच्या शेजारी तो पाण्याचा ग्लास कायमचा आहे. त्यावर "पिऊ नये" अशी चिठ्ठी आहे, तरी पाहुणे पितात.

माझी तक्रार फ्रिज बनवणाऱ्यांकडे आहे. एवढी वाचा दिलीत, तर दार, वीज आणि बर्फ यांचे आवाज वेगळे द्यायला काय हरकत होती? आमच्या माहितीपुस्तिकेत अलार्म कसा बंद करायचा ते चित्रासकट दिलंय, तो का वाजतो याला दीड ओळ. तुमच्यापैकी कोणाच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त काही असेल तर जरूर कळवा. आणि नागपूरकर मंडळी, तुमच्याकडच्या मे महिन्यात ग्लासात किती भरतात, तेही.