हिमालयातली मुळी

गेल्या महिन्यात एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने धरून दवाखान्यात आणले. तोंड कोरडे, चेहरा लालबुंद, नाडी एकशेतीसच्या घरात, लघवी तुंबलेली. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि बोलणे असंबद्ध. हिमाचलच्या सहलीत रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून पोटदुखीवर म्हणून घेतलेल्या मुळीचा काढा त्यांनी प्याला होता. ‘झाडपाल्याचंच तर औषध, डॉक्टर!’ मुलगा म्हणाला.

तुकड्यावरून मुळी ओळखणे मला जमले नाही. पण लक्षणे थेट बेलाडोनाची. काश्मीरपासून हिमाचलपर्यंत साधारण 1800 ते 3600 मीटर उंचीवर हिची एक जात रानात वाढते. तिकडे तिला साग-अंगूर म्हणतात. नावावर जाऊ नका. वांगी-बटाट्याच्याच कुळातली असली, तरी तिचे पान, फळ, मूळ सगळेच विषारी. आपल्याकडची मुले कामोणीची पिकलेली काळी फळे खातात, म्हणून हिमालयात फिरायला जाणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. कामोणीची फळे बारीक व घोसात असतात. साग-अंगुराचे फळ एकेकटे, बोराएवढे, काळे चकचकीत, आणि खाली पाच टोकांची हिरवी चांदणी. त्याला हात लावू नये.

गंमत अशी, की याच कुळात सापडणारे ॲट्रोपिन आम्हा डॉक्टरांचे हुकमी औषध आहे. फवारणीच्या काही कीटकनाशकांनी विषबाधा झाली, की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, छाती कफाने भरते. तेव्हा छाती मोकळी होईपर्यंत ॲट्रोपिनची इंजेक्शने द्यावी लागतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पण इंजेक्शनमध्ये औषध किती, हे मिलिग्रॅममध्ये ठाऊक असते. मुळीच्या तुकड्यात ते किती आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

माझा राग झाडपाल्यावर नाही. नाव न सांगता, पुडीवर काही न लिहिता मुळ्या विकल्या जातात, त्यावर आहे. ही विक्री बंदच व्हायला हवी. चुकून कोणी असे काही खाल्ले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. तोंड पुसून काढा, उरलेला तुकडा सोबत घ्या आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. मीही त्या गृहस्थांना तिकडेच पाठवले. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. उरलेली मुळी माझ्याकडे आहे. ते दोनदा मागायला येऊन गेले.