डावखुरा सचिन

यूट्यूबवर थोडे खोदकाम केले की डावखुरा सचिन तेंडुलकर सापडतो. सचिन लिहितो डाव्या हाताने, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण या चित्रफितीत तो स्ट्रेट ड्राइव्हही डावखुरा होऊन मारतो. धावफलकावरचे आकडे उलटे, समालोचकाचा आवाज गळा आवळल्यासारखा चिरका आणि चित्राभोवती जाड रंगीत चौकट. हा कोणाचा खोडसाळपणा नव्हे. आवडत्या फलंदाजाची खेळी पुन्हा चारचौघांना दाखवू पाहणाऱ्या चाहत्याने यंत्राला चकवण्यासाठी केलेला तो खटाटोप असतो. चित्र उलटे केले, आवाजाची पट्टी बदलली, की कॉपीराइट हक्कांवर पहारा करणारी प्रणाली कधी कधी फसते. बहुतेकदा फसत नाही आणि मग तो सचिनही गायब होतो. ज्या देशात क्रिकेट हा धर्म असल्याचे उठताबसता सांगितले जाते, तिथे भक्ताला देवदर्शन असे चोरवाटेने घ्यावे लागते.

हा पहारा कसा चालतो हे आधी समजून घ्यायला हवे. यूट्यूबने २००७ मध्ये ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा सुरू केली. हक्कदाराने आपले चित्रण तिच्याकडे जमा करायचे. मग जगात कुठूनही कोणी काही चढवले, तर यंत्र ते जमा साठ्याशी ताडून पाहते. जुळले की हक्कदाराच्या मर्जीनुसार व्हिडीओ अडवला जातो, त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न हक्कदाराकडे वळते किंवा नुसती पाळत राहते. याशिवाय हक्कदाराने थेट तक्रार केली तर ‘स्ट्राइक’ बसतो आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक बसले की अख्खे चॅनेल बंद होऊ शकते. यूट्यूबनेच प्रसिद्ध केलेली आकडेवारी सांगते, की २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत कंटेंट आयडीने ७२ कोटींहून अधिक दावे ठोकले. त्यांपैकी जेमतेम ३७ लाख दाव्यांना कोणी आव्हान दिले. म्हणजे अर्धा टक्का. पण आव्हान दिलेल्यांपैकी तब्बल ६० टक्के, सुमारे २२ लाख प्रकरणांत निकाल व्हिडीओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. आव्हान न देणारे सगळे दोषी होते, असे यातून कंपनीला म्हणता येईल. आम्हांस मात्र यात भीती दिसते. स्ट्राइकविरुद्ध रीतसर प्रतिदावा करायचा तर स्वतःचे नाव-पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकी कायद्याच्या चौकटीत परक्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. सांगलीतला किंवा सिन्नरमधला पोरगा चाळीस सेकंदांच्या क्लिपसाठी हे कशाला करील? तो व्हिडीओ काढून टाकतो आणि गप्प बसतो.

हक्कदारांची बाजू पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले आहेत. करारातल्या ४१० सामन्यांचा हिशेब केला तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात. इतके पैसे मोजणाऱ्याने आपला थेट सामना कोणी फुकटात दाखवू नये म्हणून न्यायालयात धाव घेतली तर त्यात गैर काही नाही. सामना चालू असताना त्याचे प्रक्षेपण चोरून दाखवणारी संकेतस्थळे म्हणजे शुद्ध चोरांचा बाजार आहे. एक बंद केले की नाव बदलून दुसरे उगवते, म्हणून तर दिल्ली उच्च न्यायालयाला त्यांना रोखणारे आदेशही तसेच, नव्या पत्त्यांना आपोआप लागू होणारे, द्यावे लागले. यांतल्या कित्येकांचा खरा धंदा तर सट्ट्याच्या ॲपना गिऱ्हाइके पुरवण्याचा असतो. त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही.

पण थेट सामना पळवणारा आणि सामना संपल्यावर जडेजाच्या चेंडूने फलंदाज का फसला हे तीस सेकंदांची क्लिप थांबवून थांबवून समजावणारा, हे दोघे एकाच पिंजऱ्यात कसे? यंत्राला हा फरक कळत नाही. प्रश्न असा, की तो माणसांना तरी कळून घ्यायचा आहे का.

इंग्लंडमध्ये हा वाद २०१६ मध्ये कोर्टात चांगलाच रंगला. ‘फॅनॅटिक्स’ नावाचे एक ॲप होते. चाहत्यांनी सामन्यातले जास्तीत जास्त आठ सेकंद टिपायचे, वर आपली टिप्पणी जोडायची आणि इतरांना दाखवायचे, अशी त्याची रीत. इंग्लंडचे क्रिकेट बोर्ड आणि स्काय वाहिनी ॲप चालवणाऱ्या टिक्सडॅक कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली. आठ सेकंद म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. न्या. अरनॉल्ड यांना तसे वाटले नाही. क्रिकेटच्या लांबलचक दिवसात मोलाचे असतात ते बळी आणि चौकार-षटकार, आणि ते आठ सेकंदांतच मावतात. तेव्हा ही क्लिप म्हणजे सामन्याचा अर्कच होय, असा त्यांचा तर्क. क्रिकेट पाहणाऱ्याला तो खोडून काढणे अवघड आहे. बातमी देण्याचा हक्क वृत्तपत्रे आणि वाहिन्यांपुरता नाही, सामान्य नागरिकही वार्तांकन करू शकतो, हे त्यांनी तत्त्वतः मान्य केले. मात्र ॲपवरच्या क्लिपांत बातमीपेक्षा क्लिपच अधिक होती, म्हणून कंपनी हरली. हा निकाल ‘चाहत्यांना चपराक’ म्हणून सांगितला जातो. त्यातली नागरिकाच्या वार्तांकनाची वाट सोयीस्करपणे विसरली जाते.

आपल्याकडे तर कायद्याला चाहत्याचे इतके वावडे मुळीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम प्रसारणातले उतारे चालू घडामोडींचे वार्तांकन, प्रामाणिक समीक्षा, अध्यापन आणि संशोधन यांसाठी वापरायला मुभा देते. मूळ हक्काला बाध न येईल इतपत वापर हवा, एवढीच अट. तक्रारीवरून मजकूर हटवला तरी तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवण्याची मोकळीक आहे. उगाच धमक्या देणाऱ्या हक्कदाराविरुद्ध दाद मागण्याची सोय साठाव्या कलमात आहे. कागदावर हे सारे आहे. पण क्लिपचा निवाडा त्या कागदावर होतच नाही. तो होतो कंपनीच्या सर्व्हरवर, तिच्या नियमांनी.

आणि हक्क तरी नेमका कोणाचा? युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, पोर्ट्समथच्या एका पबवालीच्या खटल्यात, फुटबॉलचा सामना ही कोणा लेखकाची निर्मिती नव्हे, त्यावर कॉपीराइट असू शकत नाही, असे स्वच्छ सांगितले. हक्क असतो तो चित्रणावर, बोधचिन्हांवर, संगीतावर. म्हणजे कॅमेरे लावणाऱ्याचा. बॅट फिरवणाऱ्याचा नव्हे. आपल्या कायद्यात कलावंताची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत नट, गायक, नर्तक आहेत, कसरतपटू आहे, जादूगार आहे आणि चक्क गारुडीही आहे. फलंदाज नाही. ‘सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या शेपटात त्याला कोंबता येईल, असे वकील म्हणतील. पण ज्याच्या मनगटावर हा हजारो कोटींचा व्यवहार उभा आहे, त्याला कायद्याने गारुड्याइतकाही स्पष्ट मान दिलेला नाही. स्वतःच्याच शतकाची फीत दाखवायची तर त्यालाही परवानगी मागावी लागते.

याचा परिणाम रोज दिसतो. क्रिकेटवर बोलणारी शेकडो चॅनेल आहेत, मराठीतही आहेत. बोलणारे जाणकार आहेत, पण त्यांच्या मागे असते एक स्थिरचित्र. चेंडू कुठे पडला, किती वळला, पाय कुठे होता, हे सगळे शब्दांत. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर शब्दांतून मैदान उभे केले ते चित्राची सोयच नव्हती म्हणून. आज प्रत्येक चेंडू पंचवीस-तीस कॅमेरे टिपतात आणि मराठी विश्लेषक पुन्हा नुसत्या शब्दांवर आला आहे. आयपीएलचे डिजिटल समालोचन मराठीतही सुरू झाले, हे स्वागतार्हच. पण ते हक्कदाराने नेमलेल्यांचे. हक्कदाराचा समालोचक क्रिकेट मंडळावर टीका करील, खेळपट्टीची लाज काढील किंवा पंचाच्या चुकीवर बोट ठेवून ती दहादा दाखवील, ही अपेक्षा भाबडी आहे. टीकेला पुरावा लागतो आणि इथे पुरावा ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच कपाटात आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते स्मृतीचे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला भारताची ५ बाद १७ अशी दैना झालेली असताना कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. तिथे बीबीसीचे कॅमेरे नव्हते. त्या खेळीचे चित्रण नाही, ते कधी होणारही नाही. हे दुर्दैव समजण्यासारखे आहे. पण जे चित्रित झाले, त्याचे काय? मेलबर्नमधल्या एका क्रिकेटवेड्याने १९८० च्या दशकापासून व्हीसीआरवर सामने टिपून ठेवले, पुढे ते यूट्यूबवर चढवले. विस्मरणात गेलेली कसोटी, एखाद्या गोलंदाजाचा एकमेव भन्नाट स्पेल, विनोदी धावबाद, असे भांडार जगातल्या कुठल्याही मंडळाने लोकांसाठी उघडलेले नाही. २०२० मध्ये हक्काच्या तक्रारींमुळे तेच चॅनेल बंद पडायची वेळ आली तेव्हा देशोदेशींचे चाहते हवालदिल झाले. मंडळांनी जपले नाही, जपले ते एका माणसाने, आणि गुन्हेगार ठरू पाहत होता तोच.

आपल्या कायद्यात प्रसारणाचा हक्क पंचवीस वर्षांचा आहे. अनिल कुंबळेने फेब्रुवारी १९९९ मध्ये फिरोजशाह कोटलावर पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी टिपले. त्या प्रसारणाची मुदत या हिशेबाने २०२४ अखेर संपली. म्हणजे ते आता सर्वांचे झाले काय? तर नाही. रेकॉर्ड केलेली फीत हा ‘चित्रपट’ मानला, की हक्क साठ वर्षांपर्यंत ताणता येतो. कुंबळेच्या दहाव्या बळीला चित्रपट म्हणायचे की प्रसारण, हे एकदा संसदेने सांगून टाकावे.

क्लिपा अडवायच्या की मोकळ्या सोडायच्या? अमेरिकेत या दोन्ही वाटा चोखाळून झाल्या आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलने आणि इतरांनी तक्रारी केल्यावर ट्विटरने ‘डेडस्पिन’ आणि ‘एसबी नेशन’ या क्रीडा प्रकाशनांची, काही सेकंदांची हलती चित्रे टाकणारी खाती गोठवली. मोठा गदारोळ झाला. बास्केटबॉलच्या एनबीएने याच्या नेमके उलट केले. लोकांनी क्लिपा टाकाव्यात, फिरवाव्यात; तुकडे चाखलेला माणूस पुढे अख्ख्या सामन्याकडे येतोच, अशी तिचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांची जाहीर भूमिका. ओमर राजा या विद्यार्थ्याने २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवर सुरू केलेले ‘हाऊस ऑफ हायलाइट्स’ याच मोकळिकीत फोफावले आणि पुढे एका माध्यम कंपनीने विकत घेतले. मग एनबीएचे हक्क मातीमोल झाले? २०२५-२६ पासूनच्या अकरा वर्षांसाठी ते सुमारे ७६ अब्ज डॉलरना विकले गेले. फुकट क्लिपांनी बाजार बुडतो, हे सांगणाऱ्यांनी या आकड्याचे काय ते सांगावे. लांब कशाला, पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांतली कुस्ती मैदाने आणि बैलगाडा शर्यती पाहा. तिथे मोबाइल उंचावणाऱ्याला कोणी हटकत नाही. वाहिन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही ते पैलवान आणि ते बैल आज गावोगाव नावानिशी ओळखले जातात, ते त्या हौशी चित्रणामुळे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ मात्र याच्या उलट दिशेने निघाले आहे. सामन्याच्या दिवशी मैदानावरची छायाचित्रे आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकू नका, अशी तंबी २०२४ च्या आयपीएलमध्ये समालोचकांना आणि संघांनाही दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. मंडळ निव्वळ खासगी संस्था असते तर हे त्याचे ते जाणे म्हणून सोडता आले असते. पण त्याचा संघ ‘भारत’ म्हणून उतरतो आणि मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठामपणे सांगितले आहे. त्याआधी, १९९५ मध्ये, याच क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादात न्या. पी. बी. सावंत यांनी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल लिहिला. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसारभारतीला देणे खासगी हक्कदारांवर बंधनकारक केले. म्हणजे एकाधिकाराला लोकहितासाठी मुरड घालण्यात नवे काही नाही. युरोपात तर दुसऱ्याच्या हक्कातल्या सामन्याचे छोटे अंश बातमीत दाखवण्याचा अधिकार वाहिन्यांना कायद्यानेच आहे, नव्वद सेकंदांच्या मर्यादेत.

तेव्हा सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. आयपीएलचे सध्याचे करार २०२७ च्या हंगामाबरोबर संपतात आणि पुढच्या निविदेच्या अटी मंडळच लिहिणार आहे. त्यांत त्याने एवढे लिहावे: सामना संपल्यानंतर एक दिवस उलटला, की मिनिटभरापर्यंतची, स्वतःचे भाष्य असलेली आणि सट्ट्याची जाहिरात नसलेली क्लिप अडवायची नाही, तिच्यावर स्ट्राइक द्यायचा नाही. फार तर जाहिरातीचा वाटा हक्कदाराने घ्यावा. तक्रारीवर शेवटचा निर्णय यंत्राने न देता माणसाने द्यावा. पंचवीस वर्षांपूर्वीचे सामने मंडळाने आणि दूरदर्शनने आपणहून खुले करावेत. निविदेत एवढी कलमे घातली म्हणून बोली लावणारा पाठ फिरवील, असे मंडळाला खरोखर वाटत असेल तर त्याने ते आकड्यांनिशी सांगावे.