बसायला स्टूल हवं



भिवंडीजवळ मानकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये मी पार्सलं भरते. मोबाइलवर मागवलेलं सामान दारात येतं, ते खोकं आमच्यासारख्याच कुणीतरी भरलेलं असतं. वस्तू स्कॅन करायची, खोक्यात घालायची, टेप मारायची, लेबल लावून पट्ट्यावर सोडायची. नऊ तास, आणि उभ्यानं. बसायचं ते फक्त जेवणाच्या अर्ध्या तासात.

कामाचं मला वाईट वाटत नाही. आधीच्या धुण्याभांड्यांपेक्षा पैसे बरे आहेत, बँकेत जमा होतात. पण हातातला स्कॅनर मुकादमापेक्षा कडक. मुकादमाची नजर चुकवता येते, याची नाही. थोडा वेळ स्कॅन झालं नाही की सुपरवायझर येतो, "कुठे होतात?" संडास गोडाऊनच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन येण्यातच दहा मिनिटं जातात. माझ्या मुलाच्या वयाच्या त्या पोराला काय सांगायचं, पाळी आलीय म्हणून? त्यापेक्षा आम्ही पाणी पिणंच सोडलं. लघवीच्या जळजळीनं मला दोनदा डॉक्टर गाठावा लागला. दोन्ही खाडे कापले गेले.

आपल्या बैठकीत मी हे बोलले, तर एक ताई म्हणाल्या, आधी ठेकेदारी हटवू, स्टुलाचं काय एवढं! मला हे पटलं नाही. ठेकेदारी हटायला वर्षं लागतील, तोवर कंबर थांबेल का? आणि ही मागणी छोटीही नाही. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी ती लावून धरली, म्हणून २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तशी दुरुस्ती केली.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणी ठेकेदाराकडे गेलो. लेबलच्या टेबलाशी स्टुलं द्या, संडासला गेलेला वेळ टार्गेटमधून वजा करा, एवढंच मागितलं. "बसून काम कसं होणार?" असं तो म्हणाला, खुर्चीत बसूनच. अजून उत्तर नाही.

तुमच्या गटात गोडाऊनच्या बायका असतील तर त्यांना विचारा, संडास किती लांब आहे, दिवसातून किती वेळा जाता येतं. जे सांगतील ते लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी जाताना सहाच जणी नकोत.