सेंबावांगच्या झऱ्यावर चला, येताना आजी-आजोबांना आणा



सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांकडे सध्या गावाहून आई-वडील, सासू-सासरे आले आहेत. संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या बागेत फेरी झाली की त्यांचा दिवस सरतो, आणि आपल्याला त्यांच्याजवळ बसायला फुरसत नसते. त्यांच्यातल्या कोकणच्या, खानदेशच्या मंडळींना ऊन पाण्याच्या कुंडांबद्दल जे ठाऊक आहे, ते टिपून ठेवायचं आम्ही काहींनी ठरवलं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी.

वज्रेश्वरीचं ऊन पाणी म्हणजे देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त, असं तिथे सांगतात. चोपड्याजवळच्या उनपदेवची धार रामानं शरभंग ऋषींसाठी बाण मारून काढली म्हणतात. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वराकडचं तुरळ-राजवाडी इथेही खरूज, नायटा, सांधेदुखी घेऊन माणसं येत आली. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं, हे मुलं शाळेत शिकतील. पण डुबक्या किती घ्यायच्या, कुठल्या तिथीला, बाळंतिणीला न्यायचं की नाही, घरी नेलेलं पाणी कशाला वापरायचं, हे शाळेत कोण शिकवणार? आणि कुंडात कुणाला उतरू देत नसत, तेही विचारा. नुसत्या गोड आठवणी नकोत.

बोलायला निमित्त लागतं, ते इथेच आहे. सेंबावांगचा झरा १९०९ साली एका व्यापाऱ्याच्या जमिनीत सापडला. पुढे फ्रेझर अँड नीव्ह कंपनीनं त्याचं पाणी बाटल्यांत भरून विकलं, युद्धकाळात जपानी तिथे स्नान करत. भोवतीचं कांपोंग आयेर पानास हे गाव लष्करी हवाई तळाच्या विस्तारात गेलं, तरी बादल्या घेऊन येणारे थांबले नाहीत. दुखरे गुडघे घेऊन येणाऱ्यांची श्रद्धा आपल्याकडच्यासारखीच! २०२० पासून तिथे नीटस उद्यान आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला मरीन परेड स्टेशनच्या फाटकापाशी जमू. वूडलँड्सला गाडी बदलून कॅनबेराला उतरायचं. ज्यांना जास्त चालवत नाही, त्यांच्यासाठी गाड्या लागतील. जागा असेल त्यांनी शनिवारपर्यंत आपल्या व्हॉट्सॲप गटावर कळवा. मुलांकडे वही किंवा फोन द्या, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

उगमाशी पाणी सुमारे सत्तर अंश असतं, म्हणून निवलेल्या पाण्यातच पाय सोडा. मधुमेह असलेल्यांनी, पाय बधिर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथे हातानं पाणी पाहिल्याशिवाय पाय घालू नका. पाण्यानं बरं वाटेल, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आजोबांना तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाहीत. साबण-शाम्पू घरी ठेवा. तिथे अंडी उकडायची सोय आहे, ज्याची त्याने आणावीत. शाकाहारी मंडळींच्या फराळाचं आम्ही पाहतो.

आपले,
मरीन परेडमधली काही मराठी मंडळी