शब्द घोकू नका, फोडा!



मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून मराठी व्याकरणाचा एक तास कमी करून तो इंग्रजीला द्यावा, अशी सूचना या सत्रात काही पालकांनी केली आहे. त्यामागची कळकळ मला समजते, पण उपाय पटत नाही.

विज्ञानातला 'फोटोसिंथेसिस' हा शब्द घ्या. मुले त्याची चौदा अक्षरे एकामागून एक घोकतात आणि परीक्षेत मध्येच अडखळतात. तोच शब्द फोडून पाहा. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन्' म्हणजे एकत्र आणि 'थेसिस' म्हणजे ठेवणे, मांडणे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे हाच शब्द 'प्रकाश-संश्लेषण' असा शिकलो. रचना जवळजवळ तीच! 'टेलिव्हिजन' आणि 'दूरदर्शन' यांचेही तसेच. ज्याला संधी, समास, उपसर्ग आणि प्रत्यय कळले, त्याला ही फोड नवी नाही. म्हणजे मराठी व्याकरणाचा तास हा इंग्रजीचाही तास आहे.

उच्चाराचे मात्र वेगळे आहे. फो-टो-सिन्-थे-सिस असे पाच खंड टाळी वाजवत म्हणावेत आणि जोर 'सिन्'वर द्यावा. मराठी-हिंदीत जोर इकडचा तिकडे झाला तरी सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड'च्या पहिल्या खंडावर जोर दिला तर नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या खंडावर, पण 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर सरकतो. एक नियम लक्षात ठेवावा: 'एज्युकेशन', 'एक्झामिनेशन' अशा, टी-आय-ओ-एन या अक्षरांनी संपणाऱ्या शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या खंडावर येतो.

अर्थात, प्रत्येक शब्दाची अशी फोड होत नाही. 'कार्पेट'मध्ये 'कार' शोधायला जाऊ नये! शंका आली की शब्दकोश उघडावा. जोर कुठे द्यायचा, याची खूणही तिथे असते.

पालकांना विनंती, की मुलाला एक शब्द दहा वेळा लिहायला लावण्याऐवजी त्याच्यासोबत बसून तो एकदा फोडावा. आपल्याला इंग्रजी येत नाही, असा संकोच नको. मराठी येते, एवढे सुरुवातीला पुरे. विश्वस्त मंडळाला विनंती, की व्याकरणाचा तास आहे तसाच राहू द्यावा आणि आठवड्यातून अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचनासाठी वेगळा द्यावा. एका भाषेचा पाया खणून दुसरीची भिंत उभी राहत नाही.

– प्राचार्य