दहा हजार आईबापांचा अर्ज

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण मुक्त झाल्यावर त्या गुलामांनी काय मागितले, हे थोड्यांनाच माहीत असेल. पोटाला भाकरी नव्हती, पायाखाली स्वतःची जमीन नव्हती, तरी त्यांनी शाळा मागितली. त्याचीच हकिकत आम्ही या वेळी सांगणार आहोत.

गुलामाने शिकणे हा तिकडे गुन्हा होता. दक्षिण कॅरोलिनात १७४० सालीच गुलामाला लिहायला शिकवण्यास कायद्याने बंदी झाली. १८३० च्या सुमारास जॉर्जिया, व्हर्जिनिया, अलाबामा अशा राज्यांनी वाचायला शिकवण्यासही मनाई केली. ज्याला अक्षर कळते तो फार दिवस गुलाम राहत नाही, हे मालक ओळखून होते. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. व्हर्जिनियात मन्रो किल्ल्याजवळ मेरी पीक नावाच्या काळ्या बाईने पळून आलेल्या गुलामांना शिकवायला सुरुवात केली. दिवसा मुले, रात्री मोठी माणसे. पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या, पण शाळा उभ्या राहतच गेल्या. १८६५ च्या जानेवारीत सव्हाना शहरातील काळ्या धर्मोपदेशकांनी वर्गणी काढून आपली शिक्षणसंस्था स्थापन केली. तिची एक शाळा भरली ती गुलामांच्या जुन्या बाजारात! जिथे आईपासून लेकरू तोडून विकले, तिथेच लेकरे मुळाक्षरे गिरवू लागली.

त्याच वर्षी सरकारने मुक्त गुलामांसाठी ‘फ्रीडमेन्स ब्युरो’ हे खाते काढले. त्याच्या व धर्मादाय मंडळांच्या मदतीने १८७० पर्यंत चार हजारांवर शाळा चालू झाल्या व त्यांत सुमारे अडीच लाख विद्यार्थी शिकू लागले. परंतु हे सारे सरकारने दिले असे समजणे चूक ठरेल. त्यासाठी लुइझियाना राज्याची गोष्ट ऐकावी.

तिथे युद्धकाळात, १८६४ साली, लष्करी अंमलदारांनी कर बसवून मुक्त गुलामांसाठी शाळा काढल्या होत्या. युद्ध संपल्यावर कराची वसुली थांबली आणि शाळा बंद पडू लागल्या. तेव्हा काळ्या आईबापांनी अर्ज केले. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही गरीब आहोत, तरी आमच्यावर कर बसवा, पण शाळा बंद करू नका. त्यांतला एक अर्ज ब्युरोचे शाळा तपासनीस जॉन अल्वर्ड यांनी पाहिला. नदीपलीकडच्या मळ्यांवरील दहा हजार लोकांचा तो अर्ज लांबीला निदान तीस फूट होता. सही येत नाही म्हणून नावापुढे फुल्याच फुल्या! कचेरीत रोज अर्ज हाताळणाऱ्या आमच्यासारख्यालाही असा अर्ज कधी पाहायला मिळाला नाही. कर माफ करा म्हणणारे पुष्कळ भेटतात. कर घ्या म्हणणारी ही माणसे निराळीच.

नुसता अर्ज करून ते थांबले नाहीत. १८६७ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात ब्युरोच्या शाळांपेक्षा लोकांनी फी भरून चालवलेल्या खाजगी शाळांत अधिक मुले शिकत होती.

हे गोऱ्यांना सहन झाले नाही. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिस शहरात दंगल झाली. तीत ४६ काळी माणसे मारली गेली आणि १२ शाळा जाळल्या गेल्या. १८७७ नंतर सत्ता पुन्हा जुन्या वर्गाकडे गेली. काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवून त्यांचा पैसाही तोडला गेला. तरीही १८७० साली शंभरांत ऐंशी काळे लोक निरक्षर होते, ते प्रमाण १९१० साली तिसावर आले. दक्षिणेत सर्वांसाठी सरकारी शाळा ही कल्पना मुळात काळ्या लोकांचीच, असे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ साली दाखवून दिले. त्याच डुबॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

आता आपल्याकडे वळू. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा गेल्या काही वर्षांत आपण ऐकतो आहोत. आपल्या वस्तीतील शाळेवर अशी पाळी आली, तर तीस फुटी अर्ज कोण करणार? २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. त्या सभेला आपण जातो का? की पाळी बुडेल म्हणून कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होतो? विहाराची वर्गणी आपण आनंदाने देतो. त्याच विहारात संध्याकाळी दोन तास दिवा लावून मुलांना अभ्यासाला बसवले, तर वेगळी वर्गणीही लागणार नाही.

त्या दहा हजार आईबापांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. आपल्याला येते, ते बाबासाहेबांमुळे. ती सही शाळेच्या कामी यावी, एवढीच आमची सर्व मायबहिणींना व बांधवांना विनंती आहे.

जयभीम!