जुन्या बाईकची खरखर : इंजिन उघडण्याआधी हे तपासा

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. म्हसा आणि आसपासच्या पाड्यांत कामाला किंवा बाजाराला जायचे तर अनेकांना जुन्या बाईकचाच आधार. तिचे इंजिन खरखरले की ‘इंजिनचे काम काढा’ हा सल्ला मिळतो. तो अनेकदा घाईचा असतो.

आवाज कशाचा?
1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरसारख्या 97.2 सीसी इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे टायमिंग चेन कॅमशाफ्टला एक फेरी देते. चेन लांबली किंवा टेन्शनर ढिला पडला की ती गाइडवर आपटते. टॅपेटची ‘टिकटिक’ हेडमधून येते; चेनची खरखर चेनच्या बाजूने, बहुधा आयडलिंगला आणि रेस सोडताना.

क्रम काय?
आधी ऑइलची पातळी, मग थंड इंजिनावर टॅपेट, नंतर टेन्शनर. चेन शेवटी, ती बदलताना गाइड आणि स्प्रॉकेटचे दातही पाहावेत.

जाड ऑइल ओतून आवाज दाबणे ही दुरुस्ती नव्हे. चेनने दात सोडला तर टायमिंग बिघडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. म्हणून ग्राहकाने काढलेला जुना भाग पाहायला मागावा आणि मेकॅनिकने तो दाखवावा. खर्च कशावर झाला, हे कळायलाच हवे.